'कायम' हा आकडा नाही

मानदंड काटा कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये सात माणसं फायलींत राहायची. सकाळी सव्वाआठला हेमलता नांदवडेकर कुलूप काढायची, टेबलाच्या डावीकडं, पाण्याच्या माठाशेजारच्या रॅकवरच्या सात फायलींच्या नाड्या सोडायची आणि सातही जण बाहेर येऊन टोप्या झटकायचे. फायलीत असताना प्रत्येकाची जाडी सव्वा इंच भरे. बाहेर आल्यावर ते चारचौघांसारखेच दिसत. फक्त प्रत्येकाच्या डाव्या अंगाला, एक खांद्याखाली आणि एक कमरेवर, अशी पंचिंगची दोन भोकं होती. वारा सुटला की त्यांतून बारीक शीळ ऐकू यायची.

"काल नाडी लई आवळून बांधलीस," राऊ धनवडे म्हणाले. "छातीवर कुणी बसल्यागत झालं."

"चुकलं राऊमामा. आज सैल बांधते."

"सैल म्हंजे अगदीच सैल नको. हा इस्माईल घसरतोय माज्या अंगावर."

"मी कशाला घसरतोय?" इस्माईल मुल्लाणी म्हणाले. "तुमी घोरतासा, त्यानं रॅक हलतोय."

हेमलतानं मस्टर पुढं सरकवलं. सातही जणांनी सह्या केल्या.

कारखाना वजनकाटे बनवायचा. सोनाराच्या ताजव्यापासून ऊसगाडीच्या भुईकाट्यापर्यंत. हे सातजण १९८६ साली तिथं बदली कामगार होते. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी बदलीवाला उभा राहायचा. दोनशे चाळीस दिवस सलग भरले तर त्यानं कायम करा म्हणून हक्क सांगितला असता, म्हणून दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी त्याला 'ब्रेक' मिळायचा. सातही जणांनी असे सहा-सात ब्रेक खाल्ले होते.

त्या वर्षी बदलीवाल्यांचे कागद जपून ठेवायचा हुकूम निघाला. रेकॉर्ड क्लार्क शामराव बेळगुंदकर यांच्याकडे 'कायम' असा एकच रबरी शिक्का होता. नोकरीत कायम झालेल्या माणसाच्या कागदावर तोच, आणि कधीच नष्ट न करायच्या फाईलवरही तोच. फाईलच्या पहिल्या पानावर एकाखाली एक दोन रकाने होते: 'कामगाराचा प्रकार' आणि 'फाईलची मुदत'. शिक्का मोठा, रकाने बारीक. सात फायलींवर तो दोन्ही रकान्यांवर एकदम बसला. फाईलही कायम झाली आणि माणूसही. बेळगुंदकरांनी ते पाहिलं, शाई वाळू दिली आणि फायली रॅकवर लावल्या.

कायम झालेल्या माणसांच्या फायलीत निवृत्तीची तारीख कुणी घातली नव्हती, त्यामुळे ते निवृत्त झाले नाहीत. पुढं एकेक करून ते आपापल्या घरी वारले. कारखान्याच्या नियमाप्रमाणे सलग पंधरा दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव पटावरून कमी होतं. म्हणून प्रत्येकजण तेरावं उरकलं की चौदाव्या दिवशी कामावर हजर झाला. इस्माईल मुल्लाणीही चौदाव्या दिवशी आले; चाळिसाव्याला मात्र त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली. घरच्यांनी फारसं काही विचारलं नाही. कायम माणूस कामावर जाणारच.

हेमलताला त्यांचा फार आधार होता. फाटके कागद ते खळीनं चिकटवायचे, वाळवीचा वास त्यांना आठ दिवस आधी यायचा, आणि एखाद्या साखर कारखान्यानं एकोणऐंशी सालच्या काट्याचं प्रमाणपत्र मागितलं तर जोत्याप्पा गुरव न बघता त्या गठ्ठ्यावर हात ठेवायचे. ती स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर होती. करार संपला की एक दिवस घरी बसायचं आणि परवा पुन्हा नवा करार. असे तिचे नऊ करार झाले होते. त्या एका दिवशी सातही जण फायलीत पडून राहायचे आणि नंतर पाठ धरल्याची तक्रार करायचे.

खोलीचा हिशेब सोपा होता. एक वर्ष म्हणजे एक पाऊल. ज्या फाईलची मुदत दहा वर्षं ती टेबलापासून दहा पावलांवर, तीस वर्षांची तीस पावलांवर. दर एप्रिलला प्रत्येक फाईल एक पाऊल पुढं सरकायची. टेबलाला टेकली की हेमलता तिची नोंद करून लगदा करायला पाठवायची. 'कायम'ला अंतर नव्हतं. म्हणून त्या फायली कुठंही असायच्या. बऱ्याचदा पाण्याच्या माठाशेजारी. आणि त्यांतल्या एकीलाही आकडा नव्हता, म्हणून खोलीला मागची भिंत नव्हती.

सोमवारी पुण्याहून कंपनी सेक्रेटरी वाळिंबे यांचा फोन आला.

"नांदवडेकर मॅडम, तुमचं मुदतींचं टेबल बघितलं. नेटकं आहे. फक्त एकशे बारा ओळींत 'कायम' लिहिलंय."

"त्या नोंदी कायमच्याच आहेत सर. जमिनीचे कागद, भुईकाट्यांचे आराखडे, भागधारकांचं रजिस्टर, आणि सात कामगारांच्या..."

"असतील. पण 'कायम' हा आकडा नाही. सिस्टीम आकडा मागते. दोन अंकी."

"आणि खरंच कायम ठेवायचं असेल तर?"

"नव्याण्णव टाका. पण नव्याण्णव का, ते शंभर शब्दांत लिहावं लागेल. प्रत्येक ओळीला." वाळिंब्यांचा आवाज मऊ होता. "शुक्रवारी दुपारपर्यंत द्या."

"शुक्रवारी एकतीस तारीख. माझा करार त्याच दिवशी संपतो."

"म्हणूनच शुक्रवार म्हणालो. नवा करार होईलसं वाटत नाही. टेबल एकदा तयार झालं की रेकॉर्ड रूमला माणूस लागणार नाही, असं बोर्डाचं मत आहे."

"मला कायम करायचं म्हणाला होतात तुम्ही. दिवाळीत."

"मॅडम, तो शब्दच धोरणातून काढलाय. स्टाफलाही तेच लागू."

तिनं फोन ठेवला. शुक्रवारी ती गेली की शनिवारपासून नाड्या कोण सोडणार? पंधरा दिवस नाड्या सुटल्या नाहीत की पंधरा दिवस मस्टरवर सह्या नाहीत. आणि सातही नावं कमी.

"काय म्हनत्यात पुनंवाले?" राऊमामांनी विचारलं.

"कायम काढायचंय. प्रत्येकाला आकडा द्यायचाय."

"दोनशे एकोणचाळीस म्हनत असतील," एक जण म्हणाला आणि सगळे हसले.

मंगळवारी तिनं पहिला 'कायम' खोडला आणि जमिनीच्या कागदांपुढं नव्याण्णव लिहिलं. संध्याकाळपर्यंत खोलीला मागची भिंत आली. नव्याण्णव पावलांवर, नुकती चुना मारलेली, मधोमध कॅलेंडरसाठी खिळा. जोत्याप्पा चालत जाऊन हात लावून आले.

"थंडगार हाय," ते म्हणाले. "पर भिंत बरी वाटती. कायतरी पाठीशी हाय म्हनून."

त्याच दिवशी तिला सिस्टीममधला दुसरा रकाना सापडला. भुईकाट्यांच्या आराखड्यांना किती वर्षं द्यायची यावर ती अडली होती.

"काटा चालू हाय तवर कागद लागनारच की," जोत्याप्पा म्हणाले. "मोडीत निघाला की मग काय मोजायचं ते मोजा."

आकड्याच्या रकान्याशेजारी एक बारीक रकाना होता: 'मुदत कधीपासून'. गेल्या सगळ्या टेबलांत तिनं तो रिकामा सोडला होता. रिकामा सोडला की सिस्टीम आजची तारीख धरायची. आता तिनं तिथं लिहिलं, 'काटा मोडीत निघाल्यापासून', आणि शेजारी आठ. आराखड्यांचे रॅक सरकत आले, आठ पावलांवर थांबले. जे काटे अजून चालू होते त्यांचे आराखडे मुळीच हलेनात. तिनं ढकलून पाहिलं. फरशीत रोवल्यासारखे होते.

बुधवारी वाळिंब्यांचा निरोप आला. नव्याण्णवची सगळी कारणं नामंजूर. तीस करा. तिनं तीस केले आणि भिंत तीस पावलांवर आली. दुपारी दुसरा निरोप आला: बोर्डाला आठ आवडतो, शक्य तिथं आठ करा. चार वाजेपर्यंत भिंत आठ पावलांवर येऊन थांबली. खोलीची लांबी संपली, तेव्हा ती वर गेली. चार हजार फायली आठव्या पावलावर एकावर एक उभ्या राहिल्या. छत कुठं आहे ते दिसेना. वरून कुठूनतरी कबुतराचं एक पीस खाली यायला तासभर लागला. हेमलताची खुर्ची आता मागं सरत नव्हती. तिला बाजूनं तिरकं होऊन बसावं लागे. पण खोली उबदार झाली होती, आणि माणसं जवळ जवळ बसल्यामुळे बोलायला आवाज चढवावा लागत नव्हता.

गुरुवारी फक्त सात ओळी उरल्या. तिनं चहा मागवला, आठ कप, आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"आता तुमचं सांगा. किती वर्षं टाकू?"

बशीत ओतलेला चहा निवत होता.

"आमाला इचारतीयास?" इस्माईल म्हणाले.

"तुमच्याच फायली आहेत चाचा. दुसऱ्या कुणाला विचारू?"

"आजवर कुनी इचारलं न्हवतं म्हनून म्हनलं. ब्रेक देताना इचारलं न्हाई आन शिक्का मारतानाबी न्हाई."

मग ते माठापाशी गेले आणि बराच वेळ कुजबुजत राहिले. दोघा-तिघांच्या भोकांतून शीळ येत होती, त्यामुळं सगळं नीट ऐकू येईना. परत आल्यावर एकानं बारा मागितले. नातीचं शिक्षण होईपर्यंत. एकानं पाच म्हटलं आणि लगेच सहा केलं. एक म्हणाला, "तू म्हनशील ते, पर सम आकडा दे. विषमला मला ब्रेक मिळत हुता."

"राऊमामा, तुम्ही?"

"शून्य लिव."

"शून्य सिस्टीम घेत नाही."

"मग एक."

"एक म्हणजे एक पाऊल. पार टेबलाला चिकटाल."

"चिकटतो की. तुला पेन्सिली तासून देतो." राऊमामा हसले, मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आगं, मला वंगाळ काय वाटत न्हाई हितं. गोडीनं चाललंय. पर कायम झाल्यापास्नं एक गोष्ट ऱ्हायली. मला एकदा आपनहून घरी जाऊन बगायचंय. कुनी धाडलं म्हनून न्हवं."

हेमलतानं बारीक रकान्याकडं पाहिलं. कारखान्याची नियमावली तिला पाठ होती. कायम कामगाराची सेवा दोनच प्रकारे संपते: पटावरून नाव कमी झालं तर, किंवा त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी दिली तर. तिनं सातही ओळींत आठ लिहिलं आणि 'कधीपासून'मध्ये लिहिलं, 'कामगारानं सेवा सोडल्याची चिठ्ठी दिल्यापासून'. मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजे मी चिठ्ठी दिली की आठ वरसं मोजायला लागायची?" राऊमामांनी विचारलं.

"हो."

"आन दिलीच न्हाई तर?"

"मग मोजणी सुरूच होत नाही."

"आन कवा द्यायची ते कोन ठरिवनार?"

"तुम्हीच."

इस्माईलनी बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. "हे कायमपरास झ्याक हाय," ते म्हणाले. "कायमात आपलं काय चालत न्हवतं."

त्याच वेळी सात फायलींवरची जांभळी शाई सुकून सुटली आणि फरशीवर पडली. सात 'कायम', कडक, भाजल्या पापडासारखे. हेमलतानं ते झाडूनं सुपलीत भरले आणि टोपलीत टाकले. सातही जण आठव्या पावलावर जाऊन उभे राहिले, पाठ भिंतीला टेकवून. कुणी हलवूनही ते आता पुढं सरकले नसते. त्यांना तिथं बरं वाटत होतं हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मात्र पंधरा दिवसांचा नियम तसाच होता. नाड्या सोडायला माणूस नसेल तर चिठ्ठीची वाट न बघताही नावं कमी होणार होती. ते सातही जणांना ठाऊक होतं.

शुक्रवारी सव्वाचारला तिनं टेबल पाठवलं. दहा मिनिटांत फोन वाजला.

"उत्तम," वाळिंबे म्हणाले. "एक ओळ राहिली."

"कुठली?"

"या टेबलाची स्वतःची. टेबल हेही रेकॉर्डच आहे, मॅडम. टेबलच नष्ट झालं तर त्यातल्या मुदती पाळायच्या कुणी?"

तिनं शेवटची ओळ उघडली. 'मुदतींचे टेबल'. पुढं आठ लिहिलं. 'कधीपासून'मध्ये मात्र तिला काही लिहिता येईना. तिथं सिस्टीमनं आधीच छापलं होतं: 'तयार करणाऱ्याची सेवा संपल्यापासून'.

"सर, माझी सेवा आज संपते."

"मग आजपासून. ओळ भरा आणि पाठवा. मी लाइनवर आहे."

तिनं खणातून करार काढला. नऊ वेळा सही करूनही तो तिनं नीट वाचला नव्हता. भाषा जुनी होती. बेळगुंदकरांच्या काळातल्या नमुन्यावरून उतरवत आणलेली. 'सदरहू सेवा एकतीस तारखेस पाळी सुटल्याचा भोंगा संपेपावेतो राहील.'

"काय लिवलंय?" राऊमामांनी आठव्या पावलावरून विचारलं. तिनं वाचून दाखवलं.

"संपेपावेतो," इस्माईल म्हणाले. "वाजेपावेतो न्हाई."

"नाही. संपेपर्यंत."

सगळ्यांनी जोत्याप्पांकडं पाहिलं. पाळी सुटतानाच्या भोंग्याचं हँडल गेली कित्येक वर्षं जोत्याप्पाच ओढायचे. त्या कामावर दुसऱ्या कुणाला कधी नेमलंच नव्हतं.

"किती येळ वाजिवतोस रं?" राऊमामांनी विचारलं.

"त्याला नेम न्हाई. हात दमला की सोडतो."

"आन दमतो व्हय तुजा हात?"

जोत्याप्पांनी उजवा हात वर करून पुढून-मागून पाहिला. "हयात हुतो तवा दमायचा," ते म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली, कप विसळून पालथा ठेवला आणि हेमलताच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर गेले.

पावणेपाचला भोंगा सुरू झाला.

हेमलतानं शेवटची ओळ पूर्ण केली आणि पाठवली. फोनमध्ये वाळिंबे काहीतरी विचारत होते. भोंग्यात ते ऐकू येईना. तिनं रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि जागेवर ठेवला. बाहेर पाळी सुटलेली माणसं गेटपाशी जमली होती. भोंगा संपला की वॉचमन गेट उघडायचा. मोटारसायकली चालू झाल्या आणि चालूच राहिल्या. एका बाईनं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हिरण्यकेशी नदीपलीकडच्या मळ्यात ऊस तोडणाऱ्यांनी कोयते खाली ठेवले आणि कारखान्याकडं तोंड करून उभे राहिले. भोंगा एका सुरात होता, न चढता, न उतरता. कुणी चिडलेलं दिसत नव्हतं.

सव्वापाच झाले. मग पावणेसहा.

इस्माईलनी खळीची वाटी पुढं सरकवली. राऊमामांनी आठव्या पावलावरून लांबवर हात करून एक जीर्ण नोंदवही तिच्या समोर ठेवली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाला आडवे होऊन उभे राहिले. त्यांच्या अंगातल्या दोन भोकांतून उजेडाचे दोन गोल ठिपके पानावर पडले. तेवढ्या उजेडात हेमलतानं फाटलेली कड जुळवून बघितली. कड जुळत होती. तिनं खळीत बोट बुडवलं. गेटवर वॉचमनचा हात कडीवर तसाच होता.